पुढच्या चाकाची गाडी

बोरदरा, ता. केज
११ फेब्रुवारी २००३

निवृत्ती भावजीस,

सिंधुबाईचा नमस्कार. आमची खुशाली लिहीत न्हाई कारण ती न्हाई, आन तुमची इचारीत न्हाई कारण तुमी सांगणार न्हाईत. गाव सोडून पुण्याला गेल्यापासून तुमी एक कार्ड टाकलं, ते बी आत्याबाई वारल्यावर. तवा सरळ इचारते. उत्तरेश्वर नावाचा मिस्तरी हितं तुमी पाठवला का?

फोनवर इचारलं असतं, पण मी एसटीडीच्या डब्यात शिरले की बाहेर अर्धं गाव कान लावून उभं ऱ्हातं. मला लिहायचा कंटाळा हाय, शाळा चौथीपर्यंतच झाली, हे तुमाला म्हाईत हाय. तरी लिहिते. यावरून काय ते समजा.

परवा दुपारच्या एष्टीतून हा बुटका माणूस उतरला. खांद्यावर पान्ह्यांची पेटी. कुणाला वाट इचारली न्हाई. सरळ दूध डेअरीच्या मागं गेला, जिथं संस्थेची मॅटाडोर लिंबाखाली सडत पडलीय. दार वढलं तशा आतून दोन कोंबड्या उडाल्या. मी मागंच उभी.

"काय हुडकताय पाव्हणं?"

"इंजिन."

"ते काय आंडं हाय व्हय, कोंबडीखाली घावायला?"

हसला. म्हणला, "बाई, ही गाडी पळंल. पण चेअरमनबाईला इचारावं लागंल. लई खवट बाई हाय म्हणत्यात."

"कोण म्हणतंय?"

हितं तो वाकून चाक बघाया लागला. चेअरमनबाई म्हणजे मीच, हे कळल्यावर तर त्यानं टोपी काढून खिशात घातली.

आता हितलं सांगते. औंदा पाऊस झालाच न्हाई म्हणलं तरी चालंल. सरकारी टँकर येतो तो माणसांपुरता. जनावराला त्यातला थेंब द्यायचा न्हाई असा हुकूम हाय. चारा छावणी नांदूरघाटला. तिथं गाय नेली की घरातलं एक माणूस तिच्यासंगं ऱ्हायला पायजे, आन दूध बी तिकडंच जातं. संस्था आता आमा बायकांची हाय. तिच्यात दूध आलं न्हाई तर दूध संघ हितलं संकलन बंद करणार. साहेब तोंडावर सांगून गेलेत. एकदा बंद झालं की बायकांनी गायी बाजारात नेल्याच म्हणून समजा. पाणी कुठंच न्हाई असं बी न्हाई. घाटाखाली नदीकाठच्या विहिरीला हाय, खालच्या वस्तीचे लोक द्यायला बी तयार हायत. पण घाट चढवून ते वर आणायचं कशात? डोईवर आणून गाय जगती का?

तर मॅटाडोर सुरू झाली तर संस्था वाचंल, एवढं मला बी कळतं. पण पुण्यात बसून हे तुमाला कसं कळलं? आन तुमाला आमचा पुळका कावून? ज्या गाडीपायी गावानं तुमाला दूधचोर ठरवलं, सख्ख्या थोरल्या भावानं, म्हणजे आमच्या मालकांनी, तवा चेअरमन व्हते म्हणून, भर मिटिंगीत तुमच्या हातातून किल्ली काढून घेतली, ती गाडी नीट करायला तुमी मिस्तरी धाडता, हे माझ्या टकुऱ्यात शिरत न्हाई. गाडीवर डोळा असंल तर सांगून ठेवते. ती संस्थेची हाय. तुमी तिच्यावर डायव्हर व्हता म्हणून ती तुमची होत न्हाई.

तुमचे दादा मिस्तऱ्याला बघितल्यापासून पोटात दुखतंय म्हणून पडून हायत.

उत्तर लगेच टाका.

सिंधुबाई


बोरदरा
६ मार्च

निवृत्ती भावजी,

कार्ड मिळालं. "मीच पाठवला. गाडी नको. पाणी चढवा." एवढ्या मोठ्या कार्डावर एवढंच. पोस्टमननं ते मला द्यायच्या आधी पारावर वाचून दाखवलं, म्हणजे आता गावाला बी म्हाईत झालं.

खरं सांगू? "गाडी नको" म्हणणाऱ्या माणसाचंच मला जास्त भ्या वाटतं. ज्याला पायजे त्याच्याशी भांडता तरी येतं.

काम चालू हाय. मी रोज जाऊन उभी ऱ्हाते. मिस्तऱ्याला ते आवडत न्हाई, पण मला बी त्याचं तोंड आवडत न्हाई, तरी बघतेच की. इंजिन जाम झालतं. त्यानं वरून डिझेल ओतून तसंच मुरत ठेवलं. मी म्हणलं, "लोणचं घालताय का?" म्हणला, "तसंच समजा." मंग एक दिवस लोखंडी दांडा घालून असा हिसका दिला की आत काहीतरी कर्रर्र करून सुटलं आन हा पेटीवर बसून पोरावानी हसला. डायव्हरच्या पायाखालचा पत्रा गंजून गेलता, खालची माती दिसायची. तिथं तेलाच्या डब्याचा पत्रा ठोकला. मागच्या हौद्याची तर निस्ती चाळण झालती. मला सांगतो, "सांडलेलं दूध पत्र्याला खातं." जसं काय मला दूध म्हाईत न्हाई. मूळची ही डब्याची गाडी, सवाऱ्यांची, संघानं मागचा डबा कापून कॅनसाठी हौदा केला, हे बी त्यानं मलाच सांगितलं. तवा मी ह्याच गावात व्हते की!

आता हौद्याच्या फळ्या काढून लोखंडी अँगल मारलेत. त्यात काळी प्लास्टिकची टाकी बसवायची. खाली केजच्या भंगारातून आणलेले जीपचे कमानपाटे जास्तीचे घातले, बोजा पेलायला. टाकी त्यानं केबिनला चिकटून पुढं सरकवली. मागं एवढी जागा मोकळी. मी म्हणलं, "ही जागा कशाला ठेवली? मागं अजून काय न्यायचा इरादा हाय?"

"काही न्हाई बाई. पुढच्या चाकाची गाडी हाय. इंजिन पुढचं चाक फिरवतं. बोजा जेवढा पुढं तेवढा बरा."

समद्या गाड्या मागच्या चाकानं पळत्यात आन हीच तेवढी पुढच्या? मी काय येडी हाय का? तवापासून टाकीमागं रोज बघते.

त्याला मजुरी म्हणून आमी बायकांनी जेवणाचे वार लावलेत. रोज एका घरी. केसरबाईकडं म्हणतो, काय चव हाय. सरस्वतीबाईकडं म्हणतो, अशी भाकर केजात न्हाई. माझ्याकडं म्हणला, मीठ कमी हाय. म्हणजे ह्या माणसाला खरं बोलता येतं, पण कुठं बोलायचं ते ठरवून बोलतो. ध्यानात ठेवलंय.

आता तुमच्या दादाचं. आमच्या मिटिंगीला हा माणूस दारापर्यंत कधी येत न्हाई. ह्या वेळी आले, आन उभ्यानंच म्हणले, "गाडी भंगारात घाला. अपशकुनी हाय ती."

केसरबाई म्हणली, "अण्णा, तुमी चेअरमन व्हता तवा दर दसऱ्याला हार घालून नारळ फोडायचा तिच्यापुढं. तवा शकुनी व्हती का?"

समद्या हसल्या. ते न हसता निघून गेले. आन दुसऱ्या दिवशी केजचा भंगारवाला हातगाडा घेऊन दारात. म्हणला, मालकानं निरोप धाडला व्हता. मी त्याला हातगाड्यासकट परत लावला आन घरात इचारलं, कावून बोलवला? तर म्हणले, डोकं खाऊ नको.

मला आधी तुमचाच संशय व्हता. आता दोघांचा हाय. एक म्हणतो गाडी चालू करा, एक म्हणतो मोडून टाका. दोघं भाऊ मिळून काही शिजवत असाल तर मला वास लागतोच, हे इसरू नका.

सिंधुबाई


बोरदरा
२७ मार्च

निवृत्ती भावजी,

आज झालं ते झालं तसं लिहिते. मधी मला टोकू नका, म्हणजे वाचताना मनात बी टोकू नका.

गाडी सुरू झाली. एवढा धूर झाला की लिंबावरचे कावळे उडाले. मिस्तरी, मी आन केसरबाई मिळून घाट उतरलो. तुमच्या त्या गाडीचं इंजिन दोन सीटांच्या मधी, केबिनमधीच. केसरबाईची मांडी भाजली, ती शिव्या घालीत खाली पोचली. विहिरीवर टाकी भरली. परत निघालो. पहिल्या वळणापर्यंत नीट आलो. वळणावर पुढची चाकं जागच्या जागी माती उकरायला लागली. इंजिन वरडतंय, धूर निघतोय, गाडी हलंना. मला वाटलं, झालं. संस्था बुडाली.

मिस्तऱ्यानं तोंड पुसलं. सपाटीला गाडी उतरवून फिरवली, तोंड नदीकडं केलं, आन मागं मागं घाट चढायला लागला.

मी वरडले, "ओ, कुठं निघालात पाणी घेऊन?"

"घरी!"

"तोंड तर खाली हाय!"

"खालीच ऱ्हाणार. बाई, भरल्या गाडीचं तोंड वर केलं की बोजा मागं जातो, पुढचं चाक हलकं पडतं. उलटी घेतली की समदा बोजा पुढच्या चाकावर. मंग धरतं. ह्या गाडीवरचे जुने डायव्हर भरलेला घाट असाच चढायचे."

"निवृत्ती बी?"

"त्यानंच तर मला शिकवलं. मंग कसा चढायचा त्यो?"

मी केसरबाईकडं बघितलं. कारण आमी दोघींनी ते बघितलं व्हतं. तुमच्यावर आळ आला त्या दिवशी गाडी ह्याच वळणाखाली रस्त्याकडंच्या चारीत गेलेली घावली. भरलेले कॅन लवंडलेले, चारी पांढरी झालेली, आन गाडीचं तोंड नदीकडं. पंच म्हणले, खालच्या वस्त्यांवरचं दूध वर डेअरीत आणायचं, मंग भरल्या गाडीचं तोंड खाली कसं? म्हणजे निवृत्ती हे दूध घेऊन नदीकाठच्या खवा भट्टीकडं निघालता. एवढ्यावर तुमी चोर ठरलात. त्या पंचांत एकानं बी बैलगाडीबिगर काही हाकलं न्हवतं. बैलाला कुणी मागं मागं घाट चढवत न्हाई. त्यांना कसं सुचावं?

आता म्होरचं ऐका. वर पोचल्यावर मिस्तरी म्हणला, "दगडाला एक माणूस द्या." म्हणजे उलट्या गाडीसंगं एकानं दगड घेऊन चालायचं. गाडी अडली की चाकाच्या खालच्या अंगाला दगड द्यायचा, न्हाई तर ती सरळ खाली पळती. पयले तुमचा क्लिनर सटवा हे करायचा. आता त्याचे गुडघे गेलेत, घाटाच्या तोंडाला बसून निस्ता बडबडतो. बाकी गडी छावणीवर. घरात एकटे तुमचे दादा. मी म्हणलं, "पोट दुखतंय तर दुखू द्या, हात तर दुखत न्हाईत." वढूनच नेलं.

दुसऱ्या खेपंला, बरोबर त्याच वळणाला, इंजिन बंद पडलं. गाडी सुटली. केसरबाई किंचाळली. आन तुमच्या दादानं दगड टाकला न्हाई, फेकला न्हाई. खाली ठेवून पायानं चाकाखाली सरकवला, खालच्या अंगानं, तिरपा, आन स्वतः बाजूला झाले. गाडी जागच्या जागी.

मिस्तरी खिडकीतून म्हणला, "वा दादा! हा काय पयल्यांदा धरलेला दगड न्हाई!"

तुमचे दादा हात झटकून कडंला सरकले.

मी तशीच वर सटवाकडं गेले. "गाडी चारीत गेली त्या दिवशी दगडाला कोण व्हतं?"

"मी न्हवतो बा. मी कपिलधारला गेलतो, म्हणून तर वाचलो."

"मंग कोण?"

"चेअरमनसाहेब म्हणले व्हते, तू जा दर्शनाला, माणसाचं मी बघतो. कुणाला बघितलं त्यांनी, मला काय म्हाईत?"

नऊ वर्सं हा सटवा ह्या गावात बसून हाय, आन त्याला कुणी इचारलं न्हाई म्हणून त्यानं सांगितलं न्हाई. असली माणसं आपली.

तुमाला इचारीत न्हाई. तुमी दोन ओळी लिहाल. मी त्यांच्याकडूनच काढते.

सिंधुबाई


बोरदरा
३० मार्च

काढलं.

ताट पुढं ठेवलं आन समोर बसले.

"दगडाला तुमी व्हता."

"कोण म्हणतंय?"

"तुमचा पाय म्हणतोय."

हातातली भाकर ताटात ठेवली. मंग सांगितलं. संघाची निवडणूक आलती. हे खालच्या वस्त्यांवर लोकांना भेटायला म्हणून नवी कडक पांढरी कापडं घालून तुमच्यासंगं गाडीत गेलते. येताना दगडाला माणूस मिळाला न्हाई, म्हणून स्वतःच धरला. वळणाखाली आले आन वर संघाच्या डायरेक्टरांची जीप दिसली. चेअरमन क्लिनरवानी धोंडा घेऊन गाडीमागं चालतोय, हे त्यांनी बघितलं तर? म्हणून दगड खाली ठेवला, हात झटकले, आन रस्त्याच्या कडंला फिरायला आल्यावानी उभे ऱ्हायले. तेवढ्यात इंजिन बंद पडलं.

आन भावजी, ती जीप घाट उतरलीच न्हाई. वरूनच दुसऱ्या वाटंला लागली.

तुमी चारीतून उठून म्हणलात म्हणं, "दादा, तुमी वर जा, मी बघतो." हे पायवाटंनं वर गेले आन पंचांसंगं परत आले, जसं काय आताच कळलं.

मी म्हणलं, "मिटिंगीत तोंड शिवलं व्हतं का?"

म्हणले, "बोलणारच व्हतो. पण लोक आपापलंच बोलाया लागले. मंग मला बोलावंच लागलं न्हाई."

त्यांच्या पुढचं ताट मी काढून घेतलं न्हाई. जेवू दिलं. उपाशी माणूस लोकांना बिचारा वाटतो, आन मला ते नको व्हतं.

आता तुमी. तुमाला तोंड व्हतं ना? "गाडी उलटी चढवत व्हतो" एवढं तरी म्हणायचं. दगडाचं नाव न काढता बी म्हणता आलं असतं. कावून न्हाई म्हणलात? ह्याचं उत्तर पायजे.

सिंधुबाई


बोरदरा
१६ एप्रिल

निवृत्ती भावजी,

तुमचं कार्ड आलं. "उलटी म्हणलं असतं तर दगडाला कोण व्हतं ते निघालं असतं. दादा स्वतः बोलतील असं वाटलं."

वाटलं! मंग वाट बघत बसलात पुण्यात. हे वाचून मला तुमच्या दादापेक्षा तुमचाच राग जास्त आला. त्यांनी चोरून ठेवलं ते समजतं, भित्रा माणूस तसंच करतो. पण तुमी राखून ठेवलं. असलं राखून ठेवणारा माणूस मला कधी उमगत न्हाई.

तुमचं कार्ड बी पारावर वाचलं गेलंच. त्यामुळं दुसऱ्या दिवशी तुमचे दादा आपणहून टाकीपाशी येऊन उभे ऱ्हायले. बायकांची रांग लागलेली, समद्यांच्या हातात घागरी, बादल्या, गायी हंबरतायत. हे म्हणले, "आयाबायांनो, मला सांगायचंय. त्या दिवशी निवृत्ती चोरी करत न्हवता. दगड माझ्याकडं व्हता." समदं सांगितलं.

केसरबाई म्हणली, "ऐकलं अण्णा. पण नळीवरचा पाय काढा, पाणी अडलंय."

असं झालं. कुणी थांबलं न्हाई, कुणी रडलं न्हाई, घागरी भरत ऱ्हायल्या. त्यांना वाटलं, संपलं. हलके होऊन घरी निघाले. मी म्हणलं, थांबा. असं रांगेत सांगितलेलं चालायचं न्हाई. ज्या खोलीत किल्ली काढून घेतली त्याच खोलीत सांगा, आन जे पंच जिवंत हायत त्यांच्यापुढं सांगा.

मिटिंग बोलावली. त्यांनी सांगितलं. अर्जुनराव पंच म्हणले, "झालं गेलं, आता कशाला उकरायचं?" बसूनच म्हणले. मी म्हणलं, "चोर म्हणताना उभं राहून म्हणलता. आता चोर न्हवता हे बी उभं राहून म्हणा." काठी टेकीत उठले. म्हणले. मला त्यांची कीव आली न्हाई.

संघाचे साहेब येऊन गेले. कॅनात डोकावले आन गाडीत बसले. संकलन चालू हाय. रोज घाट चढतो आमी, मागं मागं. गायी हायत अजून दावणीला.

पण उत्तरेश्वरला केजचं दुकान किती दिवस बंद ठेवता येणार? तो पौर्णिमेनंतर जातो म्हणतो. गाडीला डायव्हर पायजे. संस्थेनं ठरवलंय की तुमाला बोलवायचं. समद्यांनी हात वर केले. मी केला न्हाई. कावून ते सांगते.

मी मिस्तऱ्याला काल सरळ इचारलं. "दगडाला माणूस मागा, म्हणजे दादाच येतील, असं तुमाला निवृत्तीनं सांगून धाडलं व्हतं का? आन इंजिन त्याच वळणाला बंद पडलं, ते आपोआप का कुणी पाडलं?"

तर तो पेटीत पान्हा हुडकायला लागला. पान्हा त्याच्या हातातच व्हता.

तवा मला अजून कळलं न्हाई की तुमी हे समदं गायींच्या पाण्यासाठी केलं, का दादाला त्या वळणावर पुन्हा एकदा उभं करायसाठी. दोन्ही असंल तरी माझी हरकत न्हाई. निस्तं पाण्यासाठी असंल तर तुमी लई भले, आन मनातलं राखून ठेवणाऱ्या भल्या माणसाच्या हातात मी गाडी देत न्हाई. मला काय असंल ते कळायला पायजे.

म्हणून आता कार्ड टाकू नका. कार्डावर तुमाला दोनच ओळी सुचत्यात आन पोस्टमन त्या पारावर वाचतो. केजला उतरा, तिथून नांदूरघाटची जीप मिळती. दादा रोज गाडीसंगं घाटावर असत्यात. तुमाला बघून हात जोडायला येतील. तिथं जोडू देऊ नका, त्यांच्या हातात दगड आन मागं भरली गाडी असती. घरी आल्यावर काय जोडायचं ते जोडा.

या, आन खरं काय ते तोंडानं सांगा. मी ऐकून घेईन. इश्वास ठेवीन असं म्हणत न्हाई.

सिंधुबाई